तारांच्या वाटेवरची झाडं

मे महिना लागला की वीज बंद राहणार असल्याच्या सूचना येऊ लागतात. अमुक फिडरवर मान्सूनपूर्व देखभालीचं काम आहे, सकाळपासून दुपारपर्यंत लाइट नसेल. ऐन उकाड्यात पंखे थांबतात, पिठाची गिरणी थांबते, आणि रस्त्याच्या कडेला शिडी, दोर आणि लांब काठीला बांधलेला कोयता घेऊन आलेली माणसं गुलमोहराच्या, करंजाच्या फांद्या खाली पाडताना दिसतात. पाहणाऱ्यांतले काही जण ‘एवढं चांगलं झाड बोडकं केलं’ म्हणून हळहळतात. काही जण ‘एवढं तोडूनही पहिल्या पावसात लाइट जाणारच’ म्हणून चिडतात. दोघांचंही खरं आहे. झाड बोडकं होतं आणि लाइटही जाते. असं का होतं हे समजून घ्यायचं तर विजेच्या तारेविषयी थोडं आणि झाडाविषयी बरंच जास्त जाणून घ्यावं लागतं. तारेभोवतीचा झाडोरा सांभाळणं हे कोयत्याचं काम दिसत असलं तरी त्यातला अवघड भाग झाड कसं वाढतं हे ओळखण्याचा आहे, असं माझं ठाम मत आहे. जगातल्या मोठमोठ्या वीजयंत्रणांना ते बरीच किंमत मोजून शिकावं लागलं.

आधी तारेकडे पाहू. मोठ्या मनोऱ्यांवरून जाणाऱ्या अतिउच्चदाब वाहिन्यांच्या तारा उघड्या असतात. त्यांच्यावर रबराचं किंवा प्लास्टिकचं आवरण नसतं, भोवतीची हवाच त्यांना वेगळं ठेवते. तार बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि ताण सोसायला आत पोलादाचा गाभा असतो. दोन मनोऱ्यांमध्ये ती कधीच ताठ सरळ नसते, तिला झोळ असतो, आणि हा झोळ दिवसभर कमीजास्त होत राहतो. विजेचा भार वाढला की तार तापते, उन्हाने आणखी तापते, आणि तापली की लांबते. किती लांबते याचा साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दोन मनोऱ्यांत ४०० मीटर अंतर आणि मधोमध १० मीटर झोळ धरू. तार ४० अंश सेल्सिअसने जास्त तापली तर तिची लांबी जेमतेम ३० सेंटिमीटरने वाढते. चारशे मीटरांत एक वीत-दीड वीत म्हणजे नगण्य वाटेल. पण एवढ्या लांब आणि उथळ वक्राची भूमिती अशी असते की लांबीतली ही किरकोळ वाढ मध्यावरच्या झोळात कितीतरी मोठी होऊन उतरते. सैल झालेली तार थोडी आखडते, ते वजा केलं तरीही मधला भाग दीड मीटरहून जास्त खाली येतो. म्हणजे सकाळी झाडाच्या शेंड्यापासून सुरक्षित दिसणारी तार दुपारी चार वाजता त्याच झाडाच्या डोक्याशी आलेली असू शकते. झाड त्या दिवशी तसूभरही वाढलेलं नसतं.

शिवाय शेंडा तारेला टेकायची गरजही नसते. दाब पुरेसा असेल तर मधल्या हवेतूनच वीज झेप घेते, ओल्या हिरव्या लाकडातून जमिनीत उतरते, आणि उपकेंद्रातला ब्रेकर क्षणार्धात वाहिनी बंद करतो. म्हणून आपल्याकडच्या वनविषयक नियमांत तार आणि झाड यांच्यात किमान किती अंतर राहिलं पाहिजे हे दाबानुसार ठरवून दिलं आहे: १३२ केव्ही वाहिनीला ४ मीटर, २२० केव्हीला ४.६ मीटर, ४०० केव्हीला ५.५ मीटर. हे अंतर मोजताना तारेचा सर्वांत मोठा झोळ आणि वाऱ्याने होणारी झुलही धरायची असते. याच कारणाने वाहिनीखाली रुंद पट्टा राखला जातो. १३२ केव्हीसाठी तो २७ मीटर, २२० केव्हीसाठी ३५ मीटर आणि ४०० केव्हीसाठी ४६ मीटर असतो. घाटातून जाताना डोंगरउतारावर रानातून सरळ रेषेत गेलेला फिकट हिरवा पट्टा दिसतो, तो हाच.

हे आकडे कागदावर राहिले तर काय होतं याचं सर्वांत मोठं उदाहरण अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं आहे. १४ ऑगस्ट २००३. दुपार गरम होती, पण त्या भागाच्या मानाने अघटित म्हणावी एवढी नाही. वारा मंद होता, आणि मंद वारा म्हणजे तार थंड होण्याचं एक साधन कमी. क्लीव्हलँड शहराच्या आसपास ३४५ केव्हीच्या वाहिन्या चालवणाऱ्या फर्स्टएनर्जी या कंपनीच्या नियंत्रणकक्षातली इशारे देणारी संगणकयंत्रणा दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी बंद पडली, आणि ती बंद पडल्याचं तिथे बसलेल्यांना तासाहून जास्त वेळ कळलंच नाही. ३ वाजून ५ मिनिटांनी चेंबरलिन-हार्डिंग ही वाहिनी झाडाला लागून बंद झाली. त्या वेळी तिच्यावर क्षमतेच्या निम्माही भार नव्हता. तार नेहमीएवढीच खाली आली होती, झाड मात्र तिथवर वाढू दिलं गेलं होतं. तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर गेला. त्या जास्त तापल्या आणि जास्त झुकल्या. ३ वाजून ३२ मिनिटांनी हॅना-जुनिपर वाहिनी झाडाला लागली. जवळच झाडं छाटणारं पथक काम करत होतं आणि ही घटना त्यांच्यासमोर घडली. ३ वाजून ४१ मिनिटांनी स्टार-साउथ कँटन वाहिनी तिसरी. तिने त्याच दुपारी आधी एकदा झाडाला लागून बंद होऊन पुन्हा चालू होण्याचा इशारा दिलेला होता.

तीन वाहिन्या आणि तीन ठिकाणची झाडं. त्यानंतर १३८ केव्हीच्या लहान वाहिन्या भाराखाली एकेक करून गळत गेल्या. ४ वाजून ६ मिनिटांच्या सुमारास सॅमिस-स्टार ही मोठी वाहिनी बंद झाली आणि पुढच्या सात-आठ मिनिटांत अमेरिकेची आठ राज्यं आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत यांत सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. न्यूयॉर्कमध्ये भुयारी रेल्वे जागच्या जागी थांबल्या. डेट्रॉइट, टोरोंटो, ओटावा अंधारात गेली. अडीचशेहून जास्त वीजकेंद्रं बंद झाली. दोन्ही देशांच्या संयुक्त चौकशी पथकाने जी कारणं नोंदवली त्यांत वाहिनीच्या पट्ट्यातली झाडांची वाढ आटोक्यात न ठेवणं हे स्पष्ट शब्दांत आहे. कंपनी दर पाच वर्षांनी एकदा छाटणी करत होती. म्हणजे काम होत होतं, फक्त ते झाडाच्या गतीने न होता वेळापत्रकाच्या गतीने होत होतं. या अहवालातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

त्याच वर्षी २८ सप्टेंबरच्या पहाटे स्वित्झर्लंडमध्ये लुकमानिअर खिंडीतून जाणारी ३८० केव्हीची वाहिनी झाडामुळे बंद पडली, पंचवीस मिनिटांच्या आत सान बर्नार्डिनोची दुसरी वाहिनीही झाडालाच लागली, आणि सार्डिनिया बेट सोडून सबंध इटली अंधारात गेली. दीड महिन्यात दोन खंडांत दहा कोटींवर लोक, आणि दोन्हीकडे सुरुवात झाडापासून.

ओहायोच्या घटनेनंतर अमेरिकेने २००५ मध्ये कायदा करून वीजजाळ्याच्या विश्वासार्हतेचे नियम सक्तीचे केले. त्याआधी ते ऐच्छिक होते. २०० केव्ही आणि त्यावरच्या वाहिन्यांखालच्या झाडोऱ्यासाठी वेगळा नियम आला. वर्षातून एकदा तरी सबंध पट्ट्याची पाहणी झालीच पाहिजे, ठरलेलं अंतर कोणत्याही क्षणी मोडता कामा नये, आणि मोडलं तर दंड तेव्हा दिवसाला दहा लाख डॉलरपर्यंत जाऊ शकत होता. दंड एवढा मोठा झाल्यावर पट्ट्यातलं झाड वाढून मुख्य वाहिनी बंद पडण्याचे प्रकार विरळ झाले. मात्र काही कंपन्यांनी घाईघाईने सरसकट तोड केली आणि लोकांचा रोषही ओढवून घेतला. सरसकट तोड हा या प्रश्नाचा सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी टिकणारा उपाय आहे. का, ते पेनसिल्वेनियातल्या एका शिकारी रानात कित्येक दशकं आधीच कळून चुकलं होतं.

त्या राज्याच्या मध्यभागी सरकारी शिकार राखीव क्षेत्र क्रमांक ३३ आहे. त्यातून एक वीजवाहिनी गेली आणि खालची झाडं मारण्यासाठी तणनाशकं फवारली जाऊ लागली. शिकारी लोकांनी तक्रार केली की यामुळे हरणं, ससे, रानपक्षी नाहीसे होतील. या तक्रारीतून १९५३ मध्ये तिथे एक प्रयोग सुरू झाला. ब्रॅम्बल आणि बर्न्स या दोन शास्त्रज्ञांनी तो अनेक दशकं चालवला आणि त्यांच्यानंतरही तो चालू राहिला. एकाच वाहिनीखाली वेगवेगळे तुकडे पाडले. कुठे नुसती हाताने तोड, कुठे सरसकट फवारणी, कुठे फक्त उंच होणाऱ्या झाडांच्या रोपांवर निवडक औषध. वर्षानुवर्षं नोंदी झाल्यावर एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. जिथे सरसकट तोड झाली तिथे बुंध्यांमधून धुमारे फुटून काही वर्षांत पुन्हा दाट झाडं उभी राहिली, दर फेरीला काम तेवढंच उरलं. जिथे उंच झाडं तेवढी वेचून काढली आणि झुडपं, गवत, रानफुलं यांना हात लावला नाही, तिथे झुडपांचं जाळं असं दाट झालं की नव्या झाडाच्या बियांना रुजायला जागाच मिळेना. जमिनीवर सावली, मुळांची दाटी, आणि झुडपांत राहून बिया खाणारे उंदीर-पक्षी. म्हणजे राखणीचं काम झुडपंच करू लागली. माणसाने अधूनमधून चुकार झाडं काढली की पुरे.

यातून पट्ट्याचे दोन भाग करण्याची रीत रूढ झाली. तारांच्या थेट खाली गवत, फुलझाडं आणि कमरेएवढी झुडपं, आणि दोन्ही काठांना थोडी उंच झुडपं व खुजी झाडं. काठ असा उतरता ठेवला की वाऱ्यात पडणारी मोठी झाडं तारेपासून दूर राहतात आणि रानापासून पट्ट्यापर्यंतचा बदल जनावरांना, पाखरांना सोसतो. शिकाऱ्यांची भीतीही खोटी ठरली. अशा पट्ट्यात हरणं चरायला येतात, मोकळ्या झुडपी जागा लागणारे पक्षी घरटी करतात, आणि रानमाश्या व फुलपाखरं भोवतीच्या दाट जंगलापेक्षा इथे जास्त आढळतात. विजेची तार ज्या जागेवरून गेली ती जागा रानाला कायमची मुकली, असं समजण्याचं कारण नाही. तिथे मोठं जंगल परत येणार नाही हे खरं, पण झुडपी रान ही स्वतःच एक जिवंत गोष्ट आहे.

सह्याद्रीत हे करायला काय लागेल? आपल्या डोंगरउतारांवर करवंद, धायटी, निर्गुडी, मुरुडशेंग, रामेठा, दिंडा अशी झुडपं आपण होऊन येतात. ती तारेच्या उंचीच्या जवळपासही जात नाहीत. ती मुळासकट साफ केली की मोकळ्या उन्हात आधी घुसते ती घाणेरी आणि रानमोडी, आणि बी पोचलं तर सुबाभूळ. सुबाभूळ तोडली की दुप्पट फुटते. घाणेरी उंच होत नाही म्हणून तारेला निरुपद्रवी वाटते, पण ती देशी झुडपांना जागा देत नाही आणि उन्हाळ्यात वाळली की वणव्याला इंधन पुरवते. म्हणून ‘साफ केलं’ या शब्दांनी समाधान मानू नये. काय काढलं आणि काय राखलं, हे विचारावं. केंद्राच्या वनविभागाच्या मार्गदर्शक सूचना याबाबतीत बऱ्याच शहाण्या आहेत. तारा ओढण्यासाठी प्रत्येक तारेखाली ३ मीटर रुंदीची पट्टीच मोकळी करायची, ओढकाम संपल्यावर तिथे नैसर्गिक वाढ होऊ द्यायची, देखभालीसाठी कडेची एक पट्टी मोकळी ठेवायची, आणि दरीवरून तार जाताना अंतर मुळातच पुरेसं असेल तर खालची झाडं तोडायचीच नाहीत. पट्ट्यात खुज्या, शक्यतो औषधी वनस्पती लावायची अटही जंगलातून वाहिनी नेण्याच्या परवानग्यांत असते. कागदावरची ही दृष्टी जागेवर उतरवायची तर पट्ट्यात काम करणाऱ्या माणसाला करवंद आणि सुबाभूळ यांतला फरक कळला पाहिजे, आणि त्याची मजुरी तोडलेल्या क्षेत्रफळावर ठरता कामा नये.

हे झालं मनोऱ्यांचं. आपल्या घरची लाइट जाते ती मात्र बहुतेक वेळा खालच्या पातळीवर, ११ किंवा २२ केव्हीच्या फिडरवर आणि लघुदाबाच्या तारांवर. तिथली कहाणी वेगळी आहे. दाब कमी असल्याने वीज झेप घेत नाही, फांदीने तारेला टेकावं लागतं. टेकलेल्या हिरव्या फांदीतून सुरुवातीला थोडीच वीज वाहते, एवढी थोडी की उपकेंद्रातल्या रिलेला ती बिघाड वाटतही नाही. हळूहळू फांदी करपते, करपलेल्या भागातून वीज जास्त सहज वाहते, आणि मग एका वाऱ्याच्या झोताला दोन तारा फांदीने जोडल्या गेल्या की फिडर ट्रिप होतो. पावसाळी रात्री लाइट जाते, येते, पुन्हा जाते, त्यामागे बहुधा हेच असतं. वारा ओसरला की फांदी मागे सरते, फिडर चालू केला की टिकतो, पुढच्या झोताला पुन्हा बंद. अशा वेळी वायरमनला अंधारात, चिखलातून, काही किलोमीटर खांबामागून खांब चालत जाऊन ती एक फांदी शोधावी लागते. या माणसांचं काम आपल्याला दिसत नाही, आणि आपली चीड मात्र त्यांनाच आधी भेटते.

कोकणात याला वेलींची जोड असते. पावसाच्या पहिल्या महिनाभरात रानवेली खांबाच्या ताणाच्या तारेवरून चढतात आणि ऑगस्टपर्यंत इन्सुलेटरला जाऊन भिडतात. बांबूचं तर विचारायलाच नको. त्याचा कोंब एका पावसाळ्यात, काही आठवड्यांत, पूर्ण उंची गाठतो. मे महिन्यात तारेपासून चार हात दूर असलेलं बेट सप्टेंबरात तारेत शिरलेलं असतं. आंब्याची आणि बांबूची छाटणी एकाच वेळापत्रकाने करणं म्हणूनच चूक आहे.

पश्चिम महाराष्ट्रात प्रश्न झाडाचा नसून उसाचा आहे. शेतातून जाणाऱ्या ११ केव्हीपर्यंतच्या उघड्या तारेची जमिनीपासून किमान उंची ४.६ मीटर असायला हवी. खांब वाकला, ताण सैल झाला, झोळ वाढला की ती त्याहून खाली येते, आणि उभा ऊस तीन-चार मीटर सहज जातो. वाऱ्याने सैल तारा एकमेकींना घासल्या की ठिणग्या खाली पाचटावर पडतात आणि तोडणीला आलेला फड पेटतो. लघुदाब तारांमध्ये ठरावीक अंतरावर स्पेसर बसवले तर घासणं थांबतं, सैल तार ओढून घेतली तर झोळ कमी होतो. दोन्ही कामं स्वस्त आहेत आणि एका फडाच्या नुकसानीपुढे त्यांचा खर्च किरकोळ आहे. ती वेळेवर व्हावीत यासाठी शेतकऱ्याने सैल तारेची तक्रार लेखी करून पोच घ्यावी. उलट बाजूने एक खबरदारी शेतकऱ्याकडेही येते. अतिउच्चदाब वाहिनीखाली पाचट किंवा बांध पेटवला तर ज्वाळा आणि धुरातले तप्त कण हवेची रोधकता घालवतात आणि वरून वीज खाली उतरू शकते. त्यात वाहिनी तर बंद पडतेच, खाली उभ्या असलेल्या माणसाच्या जिवालाही धोका असतो.

आता छाटणीकडे वळतो. विजेच्या भरवशासाठी मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे रस्त्याकडेच्या झाडाची छाटणी म्हणजे बहुधा तारेच्या खाली आडवी रेघ मारल्यासारखा शेंडा उडवणं. झाडाचा प्रतिसाद ठरलेला असतो. शेंडा गेला की त्याखालच्या सुप्त डोळ्यांना आवर घालणारी संप्रेरकं थांबतात, आणि मुळांत साठलेल्या अन्नावर डझनावारी सरळसोट, लुसलुशीत फुटवे एकदम उसळतात. संत्र्या-मोसंबीचे बागायतदार यांना पाणसोट म्हणतात आणि वेळीच काढतात, कारण ते फळ न देता ताकद खातात. तारेखालच्या झाडावर हेच पाणसोट एका हंगामात तारेपर्यंत पोचतात. ते मूळ फांदीसारखे आतून उगवलेले नसतात, सालीलगत चिकटलेले असतात, त्यामुळे वाऱ्यात सहज मोडून तारेवर पडतात. भरीला थुटक्या टोकाचा घाव मोठा असतो. त्यातून बुरशी शिरते आणि खोड पोकळ होत जातं. अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं करवतीने उभी चिरून दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्या त्वचेसारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती भिंत घालून तिला कोंडतं आणि पुढची वाढ बाहेरून करतं. ही भिंत नीट उभी राहते ती फांदी जिथे खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्याच्या बाहेर, कडं न दुखवता कापलं तर. मधेच थुटकं ठेवलं किंवा खोडाला घासून कापलं तर ती भिंत अपुरी राहते.

यावर उपाय म्हणजे दिशा देणारी छाटणी. तारेकडे जाणारी फांदी तिच्या मुळाशी, किंवा तारेपासून दूर वळलेल्या एखाद्या जाड उपफांदीपाशी कापायची. ती उपफांदी मूळ फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची असावी, म्हणजे झाडाचा जोर तिच्याकडे वळतो आणि पाणसोट कमी येतात. झाड एका बाजूने रिकामं दिसतं, मधून तार जाईल अशी खोबण पडते, पाहायला विचित्र वाटतं. पण ते झाड निरोगी राहतं, आणि पुढची छाटणी वर्षाऐवजी तीन-चार वर्षांनी पुरते. वेळेचंही असंच. पावसाच्या तोंडावर बोडकं केलेल्या झाडाला महिन्याभरात भरपूर पाणी मिळतं आणि ते सगळा जोर फुटव्यांत घालतं. माझ्या मते मुख्य छाटणी पावसाळा सरल्यावर, हिवाळ्यात व्हावी. मे महिन्यात फक्त मोडकी, वाळकी, लोंबलेली फांदी काढावी. तसं केलं तर उन्हाळ्यातली दिवसभराची बंदही बरीच आखूड होईल.

छाटणी कितीही नेटकी झाली तरी एक धोका उरतोच, तो पट्ट्याबाहेरच्या झाडाचा. वितरणाच्या तारांवर झाडांमुळे होणारे मोठे बिघाड बरेचदा दूरचं झाड किंवा त्याची मोठी फांदी कोसळून होतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्यात रायगडमधल्या नारळी-पोफळीच्या आणि आंब्याच्या बागा आडव्या झाल्या, आणि पडणाऱ्या झाडांनी खांब आणि तारा सोबत नेल्या. तेवढ्या वादळापुढे छाटणी पुरत नाही. पण नेहमीच्या पावसाळी वाऱ्यात कोणतं झाड पडेल याचा अंदाज बांधता येतो. पानांनी भरलेला ओला पर्णसंभार शिडासारखा वारा धरतो, जमीन भिजून सैल झालेली असते, आणि गटार खोदताना किंवा रस्ता रुंद करताना एका बाजूची मुळं आधीच तोडलेली असतात. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलेलं, बुंध्याशी अळंबी उगवलेलं, तारेच्या दिशेला कललेलं झाड हे धोक्याचं झाड असतं. पट्ट्याच्या आत निरोगी झाडांचे शेंडे उडवत बसण्यापेक्षा अशी झाडं शोधून त्यांचा निर्णय करणं जास्त उपयोगी आहे.

निर्णय कोणाचा, हा प्रश्न येतोच. शहरात १९७५ च्या महाराष्ट्र वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. वीज कायदा २००३ च्या कलम ६८ प्रमाणे तारेला अडथळा करणारं झाड काढण्यासाठी वीजकंपनी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे किंवा सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते, आणि ‘झाड’ या शब्दात तिथे झुडूप, कुंपण आणि जंगली वाढही येते. याच कलमात एक न्याय्य तरतूद आहे जी फार कमी बागायतदारांना ठाऊक असते: झाड तार ओढण्याच्या आधीपासून असेल तर ते काढताना मालकाला वाजवी भरपाई द्यावी लागते. तार आधी आणि झाड नंतर असेल तर या तरतुदीचा आधार मिळत नाही. म्हणून बागेवरून वाहिनी जाणार असेल तेव्हाच झाडांची मोजणी, वय, फळधारणा यांचा पंचनामा करून प्रत जवळ ठेवावी. मोठ्या पारेषण वाहिन्यांच्या पट्ट्यातल्या जमिनीचा मोबदलाही वाढत गेला आहे. केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के होते, ते २०२४ मध्ये २०० आणि ३० टक्के झाले. पट्टा राखण्याचं ओझं ज्याच्या शेतावर येतं त्याला त्याचं मोल मिळालं तरच तो पट्टा भांडणाविना राखला जाईल.

काही ठिकाणी तार बदलणं हाच शहाणपणा असतो. वस्तीत, दाट बागेत, देवराईच्या कडेने जाताना उघड्या तारांऐवजी आवरण असलेल्या एकत्र गुंफलेल्या केबल वापरल्या तर फांदी घासली तरी पुरवठा टिकतो. भूमिगत केबल त्याहून निर्धोक, पण खर्च अनेक पट आणि बिघाड शोधायला अवघड. कातळावर तर खोदाईच महाग पडते. प्रत्येक वाडीपर्यंत भूमिगत केबल जाणार नाही, हे गृहीत धरूनच झाडांचा विचार करायला हवा.

आणि मग लावणीचा. रस्त्याकडेला, शाळेच्या कुंपणालगत, सोसायटीच्या फाटकाशी पावसाळ्यात हजारो रोपं लागतात आणि वर पाहिलं जात नाही. तारेखाली लावलेला वड, पिंपळ, पर्जन्यवृक्ष किंवा सोनमोहर दहा वर्षांनी बोडका होणार हे लावतानाच ठरलेलं असतं. तारेखाली कढीपत्ता, डाळिंब, तगर, जास्वंद, कण्हेर, अडुळसा, कुंती लावावी. मोठी होणारी झाडं तारेपासून दहा-बारा मीटर दूर, आणि बांबू त्याहूनही दूर. रस्ता अरुंद असेल तर तारा ज्या बाजूला नाहीत त्या बाजूला मोठं झाड लावावं. ग्रामपंचायतीने लावणीआधी वायरमनला सोबत घेऊन एक फेरी मारली तरी निम्मे घोटाळे टळतात, कारण कोणत्या खांबापाशी दर पावसाळ्यात बिघाड होतो हे त्याला तोंडपाठ असतं.

तारेला टेकलेली फांदी मात्र आपण तोडायची नाही. कोरडी काठीही घ्यायची नाही, लोखंडी आकडी तर नाहीच. ओलं लाकूड वीज वाहून नेतं, आणि पावसात काठीही ओलीच असते. तार तुटून जमिनीवर पडली असेल तर ती निर्जीव दिसली तरी जिवंत समजायची, कारण कोरड्या मुरमावर पडलेल्या तारेतून एवढी थोडी वीज जाते की फिडर बंदच होत नाही. माणसं आणि गुरं दूर ठेवून १९१२ क्रमांकावर किंवा जवळच्या उपकेंद्राला कळवायचं. वायरमन आधी पुरवठा बंद करून परमिट घेतो, तार खरोखर बंद आहे याची खात्री करतो, तिला अर्थिंग करतो आणि मगच फांदीला हात लावतो. या वेळी वस्तीतल्या कुणी चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर चालू केला तर त्याची वीज उलट्या वाटेने रोहित्रात जाते आणि खांबावर चढलेल्या माणसाच्या तारेत हजारो व्होल्टचा दाब परततो. जनरेटर असलेल्या प्रत्येक घराने, दुकानाने आणि मंगल कार्यालयाने हा स्विच पावसाळ्याआधी तपासून घ्यायला हवा.